हिवाळाभर गाडी उघड्यावर ठेवताय?

टोरांटोतला मित्र तीन महिन्यांसाठी पुण्याला निघालाय. गाडी बाहेर बर्फातच राहणार. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी बॅटरी! पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते. म्हणून पूर्ण चार्ज करा आणि शक्यतो काढून घरात ठेवा.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत काळजी नाही.

इंधनाची टाकी भरा, त्यात स्टॅबिलायझर घालून गाडी थोडी चालवा. हँडब्रेक लावू नका, तो गोठून अडकतो. चाकांना ठोकळे लावा. प्लॅस्टिकची ताडपत्री तर नकोच, आत ओल धरते.

मधेच कुणाला पाच मिनिटं इंजिन सुरू करायला सांगू नका. ते नीट तापत नाही, आत पाणी साचतं.

काही शंका असेल तर गाडीचं मॉडेल सांगून जरूर विचारा.