रुमालाखालचा हात

व्यापारी बांधवांनो, धंद्यात जिभेइतकाच हातही बोलतो. थान उलगडणारा हात, 'परवडत नाही' म्हणून झटकलेला हात, सौदा पटल्यावर दिलेली टाळी, हे सारे गिऱ्हाईक बरोबर ओळखते. पण आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात हाताची एक मुकी भाषाही चालत आली आहे. तिच्याविषयी चार शब्द.

दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटे धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पुरा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते जनावर पाहून समजायचे. भाव चारचौघांत फुटत नाही, हा याचा फायदा सांगतात. पण मधल्या दलालाचे इमान डळमळले तर?

१९९० च्या सुमाराची गोष्ट. लग्नाच्या कापडाची उधारी फेडण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने बैलजोडी बाजारात आणली. आम्हीही सोबत होतो. दलालाने रुमालाखाली आधी घेणाऱ्याचा, मग शेतकऱ्याचा हात धरला. सौदा सहा हजारांत ठरला. नंतर चहाच्या टपरीवर घेणारा सहज बोलून गेला, "साडेसहाला पडली." पाचशे रुपये रुमालातच राहिले होते. शेतकऱ्याचा चेहरा पडला. त्या दिवशी उधारी मागायला आमची जीभ रेटली नाही.

शेतमालाच्या बाजारात उघड व्यवहाराची गरज फार पूर्वी ओळखली गेली. आपल्या वऱ्हाडातच, कारंजा येथे, १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. १९२८ साली शाही शेती आयोगाने असे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा झाला. आज खामगाव, मलकापूरच्या बाजार समित्यांत शेतमालाचा भाव लिलावात मोठ्याने पुकारला जातो. गुरांच्या बाजारात मात्र काही ठिकाणी रुमाल अजून सुटलेला नाही.

आपल्या दुकानातही असे छोटे रुमाल असतात. गिऱ्हाइकासमोर नोकराला बोटाने खूण करून भाव चढवणे, हा त्याच जातीचा प्रकार. गिऱ्हाइकाला खूण कळली नाही तरी काहीतरी लपवले, एवढे नक्की कळते. म्हणून हात खुशाल हलवावेत, पण समोर दिसतील असे. मीटरपट्टी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे लावावी, भाव तोंडाने सांगावा, चिठ्ठीवर लिहून द्यावा. अशा सौद्यालाच बरकत असते.