खिशातला वाटाड्या

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफांच्या पेढ्यांची दाट वस्ती. १८५४ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. तेव्हा येथे येणाऱ्या मराठी पाहुण्याला खरेदीबरोबर त्या जुन्या संबंधाविषयीही कुतूहल असणे साहजिक आहे. समजा, लग्नाचे दागिने घेण्यासाठी एक कुटुंब येथे आले. आजीला बारीक अक्षर दिसत नाही, नातवाला इतिहास हवा, सुनेला फक्त पेढीचा रस्ता हवा. तिघांच्या मोबाइल फोनमध्ये वाटाड्या एकच. पण त्याने तिघांशी सारखेच बोलावे काय?

हा प्रश्न जुना आहे. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने प्रेक्षकांच्या हाती लहान रेडिओ-यंत्रे दिली. एकच निवेदन सर्वांना एकाच वेळी ऐकू येई आणि सारा समुदाय एकदमच पुढच्या चित्राकडे वळे. सोय झाली, स्वातंत्र्य मात्र गेले. पुढे १९८३ मध्ये वेरॉन आणि लव्हासर या अभ्यासकांनी पॅरिसमधील प्रदर्शनातल्या प्रेक्षकांचे चार प्रकार सांगितले : क्रमाने सारे पाहणारी मुंगी, मधूनच सरकत जाणारा मासा, इकडून तिकडे भिरभिरणारे फुलपाखरू आणि आवडीच्याच वस्तूकडे झेप घेणारा नाकतोडा.

माणसामाणसांत भेद केवळ चालीचा नसतो, इंद्रियांचाही असतो. वृद्धांसाठी अक्षर मोठे व पार्श्वभूमीहून ठळक हवे. बटण निदान ९ मिलिमीटर रुंद हवे. अंध प्रवाशाला फोन पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतो. परंतु बटणाला नाव वा चित्राला वर्णन दिलेले नसेल, तर त्याला त्याचा अर्थ कळत नाही. गजबजाटात निवेदन आटोपशीर असावे, आणि मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू यावा म्हणून एक कान मोकळा राहावा.

स्थाननिश्चितीचीही मर्यादा आहे. उघड्या आकाशाखालीसुद्धा उपग्रहांच्या साह्याने फोनला आपली जागा सुमारे ५ मीटरच्या फरकाने कळते. अरुंद गल्लीत भिंतींवरून संदेश परावर्तित होऊन चूक वाढते. तेवढ्या अंतरात एका पेढीऐवजी दुसरीच दाखवली जाईल. म्हणून नकाशावरील ठिपक्याला ठळक खुणेची जोड द्यावी.

शिवाय सकाळी मुंगी असलेला प्रवासी दमल्यावर मासा होतो. माणसावर कायमचा शिक्का न मारता निवेदनाची भाषा, लांबी आणि गती बदलण्याची मुभा त्याच्याच हाती ठेवावी. आणि रचना पुरी झाली असे म्हणण्यापूर्वी एखाद्या आजींच्या हाती फोन देऊन त्यांच्याबरोबर भर बाजारातून चालून पाहावे.