प्रवेशशुल्क परत मिळते, पण केव्हा?

अमेरिकेत उतारवयातील माणसांसाठी उभारलेल्या निवाससंकुलांचा एक प्रकार 'कंटिन्यूइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी' या नावाने ओळखला जातो. धडधाकट वृद्धांसाठी स्वतंत्र सदनिका, रोजच्या कामांत मदत लागणाऱ्यांसाठी साहाय्यित निवास आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषागृह या तिन्ही सोयी एकाच आवारात असल्यामुळे, प्रकृती ढासळत गेली तरी रहिवाशाला ओळखीची जागा आणि माणसे सोडून दूर जावे लागत नाही. या आश्वासनाची किंमत मासिक शुल्क आणि आत येतानाच भरावे लागणारे एकरकमी प्रवेशशुल्क अशा दोन भागांत घेतली जाते. प्रवेशशुल्क साधारणपणे एक लाख डॉलरपासून दहा लाख डॉलरच्याही पुढे जाते आणि ते उभे करण्यासाठी अनेकांना राहते घर विकावे लागते. एवढे भरूनही बहुतेक करारांत सदनिकेची मालकी मिळत नाही, तर केवळ राहण्याचा आणि ठरलेल्या सेवांचा हक्क मिळतो. म्हणूनच रहिवासी संकुल सोडून गेला किंवा मरण पावला, तर या रकमेचे पुढे काय होते, हा त्या कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठा प्रश्न असतो.

परताव्याचे करार मुख्यतः दोन धर्तीचे असतात. पहिल्यात परत मिळणारी रक्कम दरमहा घटत जाते. समजा, प्रवेशशुल्क 4,00,000 डॉलर आहे आणि घट महिन्याला दोन टक्के आहे, तर वीस महिन्यांनी 2,40,000 डॉलर शिल्लक राहतात आणि पन्नास महिने पुरे होताच हातात काहीही उरत नाही. दुसऱ्या धर्तीत मुक्काम कितीही लांबला तरी 50, 80 किंवा 90 टक्के परतावा कबूल केलेला असतो आणि त्याबदल्यात त्याच सदनिकेचे प्रवेशशुल्क बरेच जास्त आकारले जाते. नव्वद टक्क्यांचा आकडा मोठा आकर्षक वाटतो; परंतु या रकमेवर सहसा व्याज मिळत नाही, त्यामुळे महागाई वर्षाला तीन टक्के धरली, तर पंधरा वर्षांनी परत आलेल्या 3,60,000 डॉलरची खरेदीशक्ती आजच्या सुमारे 2,31,000 डॉलरइतकीच उरते. शिवाय परत न मिळणाऱ्या शुल्काचा काही भाग, करारात आजन्म शुश्रूषेची हमी असल्यास, वैद्यकीय खर्च म्हणून करसवलतीस पात्र ठरू शकतो. त्यामुळे अधिक परतावा म्हणजे अधिक फायदा, हे समीकरण सरसकट लागू पडत नाही.

खरी मेख मात्र टक्केवारीत नसून परताव्याच्या मुदतीच्या कलमात असते. अनेक करारांत असे लिहिलेले असते की, रिकामी झालेली सदनिका नव्या रहिवाशाने घेऊन त्याचे प्रवेशशुल्क जमा झाल्यावरच जुन्या रहिवाशाला अथवा त्याच्या वारसांना पैसे दिले जातील. कुठे ही अट त्याच सदनिकेपुरती असते, तर कुठे परताव्यासाठी थांबलेल्यांची एक रांग असते आणि येणाऱ्या पैशातून क्रमाने रकमा चुकत्या केल्या जातात. गैरसोयीच्या मजल्यावरील किंवा जुन्या धाटणीच्या सदनिकेला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर वारसांना महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. ती भाड्याने अथवा विक्रीला काढण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नसतो. दांपत्याने मिळून करार केलेला असेल, तर बहुधा दोघांपैकी मागे राहिलेली व्यक्तीही संकुलातून गेल्यावरच परताव्याची प्रक्रिया सुरू होते.

नवा रहिवासी आल्यावरच पैसे देण्याची अट का आली, हे पैशाच्या प्रवाहावरून कळते. संकुल बांधताना कर्जरोखे काढून भांडवल उभे केले जाते, पहिल्या रहिवाशांच्या प्रवेशशुल्कातून त्या कर्जाचा मोठा भाग फेडला जातो आणि उरलेल्या कर्जासाठी संकुलाची मालमत्ता तारण राहते. रहिवाशांचा पैसा अशा रीतीने विटा-सिमेंटमध्ये गेलेला असल्यामुळे परतावा द्यायचा तो नव्याने येणाऱ्यांच्या पैशातून, अशी ही साखळी असते. घरबाजार कोसळला की वृद्धांची स्वतःची घरे विकली जात नाहीत, नवे प्रवेश थांबतात आणि साखळी अडते. 2008 नंतरच्या मंदीत हेच घडले. याआधीचा इतिहासही बोलका आहे. कॅलिफोर्नियातील मेथडिस्ट पंथाशी निगडित 'पॅसिफिक होम्स' या संस्थेने ठरावीक रकमेत आजन्म सांभाळण्याचे करार केले होते. माणसे अपेक्षेपेक्षा अधिक जगली, खर्च वाढले आणि 1977 मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली.

दिवाळखोरीत रहिवाशांचे स्थान फार दुबळे असते. कर्जरोखेधारकांकडे तारण असते, तर रहिवासी बहुधा विनातारण धनको ठरतात, म्हणजे तारणवाल्यांचे भागल्यावर उरेल त्यातून त्यांना वाटा मिळतो. मेरीलँडमधील 'एरिक्सन' या मोठ्या कंपनीने 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा नव्या खरेदीदाराने रहिवाशांचे करार पुढे चालवले. न्यूयॉर्क राज्यातील पोर्ट वॉशिंग्टन येथील 'हार्बरसाइड'च्या रहिवाशांना ते भाग्य लाभले नाही. या संकुलाने 2014, 2021 आणि 2023 असे तीन वेळा दिवाळखोरीचे संरक्षण मागितले आणि अखेरीस आजन्म शुश्रूषेचे आश्वासन व कबूल केलेला पूर्ण परतावा, दोन्ही रहिवाशांच्या हातून गेले. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला घर विकून भरलेली रक्कम पुन्हा कमावता येत नाही आणि ही हानी कोणत्याही हिशेबात भरून निघत नाही.

या संकुलांचे नियमन केंद्र सरकारकडे नसून राज्यांकडे आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2010 मध्ये अहवाल दिला, त्या वेळी बारा राज्यांत यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. फ्लोरिडात करारानंतर सात दिवसांत माघार घेता येते. कॅलिफोर्नियात पहिल्या नव्वद दिवसांत करार रद्द केल्यास मोजकी वजावट करून शुल्क परत करावे लागते. ऑस्ट्रेलियाने वृद्धशुश्रूषागृहांच्या परत मिळणाऱ्या ठेवींना मात्र 2006 पासून सरकारी हमी दिली आहे. चालक बुडाला तर सरकार ठेव परत करते आणि मग तो पैसा वसूल करण्याचे काम स्वतःकडे घेते. अमेरिकेतही असे संरक्षण अशक्य नाही, त्यासाठी इच्छाशक्ती हवी.

1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली मराठी पिढी आज याच वयात आहे, त्यामुळे हा विषय मराठी घरांनाही परका राहिलेला नाही. महाराष्ट्रातील ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांत सदनिका बहुधा विकतच घेतली जाते. परंतु परत मिळणारी अनामत घेऊन केवळ राहण्याचा हक्क देणारे प्रकल्पही येथे आहेत. राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा भर प्रामुख्याने उतरते रस्ते, लिफ्ट, रुंद दरवाजे यांसारख्या बांधकामाच्या बाबींवर आहे. अनामत देणाऱ्या कुटुंबाने म्हणून ती कोणत्या खात्यात राहील, सदनिका रिकामी झाल्यापासून किती दिवसांत परत मिळेल, त्यासाठी नव्या रहिवाशाची वाट पाहावी लागेल काय आणि प्रकल्पाचा चालक बदलल्यास परताव्याची जबाबदारी कोणाची, या चार गोष्टी पैसे देण्यापूर्वीच करारात लिहून घ्याव्यात आणि तो करार स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.