शेळीचा गाभ आणि एक बंद विकर

मुखेड-उदगीर पट्ट्यात उस्मानाबादी शेळी हा अनेक घरांचा हाताशी असलेला पैसा. ती गाभडण्याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे टोक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी. मांजराच्या विष्ठेतून तो चाऱ्या-पाण्यात उतरतो. त्याचा संसर्ग माणसालाही होतो, म्हणून पडलेला गाभ आणि वार उघड्या हातांनी उचलू नयेत. गरोदर बाईने तर मुळीच नाही.

या परजीवीला डीएनएसाठी लागणारे प्युरिन स्वतः बनवता येत नाही, ते यजमान पेशीकडूनच घ्यावे लागते. पेशीत शिरून तो स्वतःभोवती पोकळी करतो आणि तिच्यात एनटीपीएझ हे विकर (एन्झाइम) सोडतो. चार सारख्या रेणूंचे हे विकर एटीपी या प्युरिनयुक्त ऊर्जारेणूचे फॉस्फेट तोडते. प्रत्येक रेणूला दोन पाळ्या, तोडणी मधल्या खाचेत. खरे नवल असे, की स्रवताना ते निष्क्रिय असते! त्यातल्या दोन सिस्टीन अमिनो आम्लांमधला गंधकबंध तुटला, तरच ते जागे होते. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी स्फटिकरचनेतून ही कळ उलगडली. या विकराची दोन रूपे जवळपास सारखी, तरी एक मुख्यतः एटीपी तोडते, दुसरे एक फॉस्फेट कमी असलेला एडीपीही तितक्याच सहज. प्रयोगात रसायन घालून हे विकर अवेळी जागे केले, तर पेशीतला एटीपी झपाट्याने घटतो आणि परजीवी वेळेआधीच बाहेर पडतो.