ऑनलाइन संगणक-खेळसेवा

वैयक्तिक संगणकावर खेळावयाचे खेळ आंतरजालावरून विकणे, ते ग्राहकाच्या संगणकावर उतरवून देणे, वेळोवेळी दुरुस्त करणे, दूरदूरच्या खेळाडूंचे संघ जुळविणे व प्रत्येकाच्या खेळाची नोंद सांभाळणे ही कामे एकत्रितपणे करणारी व्यापारी सेवा. स्टीम, एपिक गेम्स स्टोअर, जीओजी, बॅटल.नेट, एक्सबॉक्स गेम पास या अशा प्रमुख सेवा होत. दुकानातून तबकडी घेणारा खेळाडू खेळाच्या एका प्रतीचा धारक असे. या सेवांचा ग्राहक हा एका खात्याचा धारक असतो आणि ते खाते परक्या देशातील कंपनीच्या संगणकावर असते. सेवांच्या बहुतेक सोयी व त्यांविषयीच्या बहुतेक तक्रारी या एका फरकातून उद्‌भवतात. नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे अधिकृत तबकड्या विकणारी दुकाने विरळ होती आणि वीज व जोडणी दोन्ही दीर्घकाळ बेभरवशाच्या होत्या, तेथे सोय व तक्रार या दोन्ही बाजू विशेष ठळकपणे दिसतात.

इतिहास : अनेकांनी दुरून एकाच खेळात भाग घेण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून रचलेला ‘मड’ हा केवळ शब्दांनी खेळावयाचा खेळ या प्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. ‘डूम’ने (१९९३) स्थानिक जालावर समोरासमोर खेळण्याची गोडी लावली. ‘क्वेक’ या खेळाची आंतरजालासाठी सुधारित आवृत्ती काढताना (१९९६) जॉन कारमॅक यांनी एक महत्त्वाची युक्ती योजिली : मध्यवर्ती संगणकाच्या म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासाठी न थांबता खेळाडूच्या संगणकानेच स्वतःच्या पुढील हालचालीचा अंदाज बांधावा आणि उत्तर आल्यावर चूक दुरुस्त करून घ्यावी. आजचे बहुतेक वेगवान खेळ याच तत्त्वावर चालतात.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ सुरू केली, ती मुख्यतः स्वतःच्या खेळांना दुरुस्त्या पोहोचविण्यासाठी. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ प्रसिद्ध झाला, तेव्हा दुकानातून तबकडी घेतलेल्यांनाही स्टीमवर खाते उघडणे सक्तीचे होते. सर्व्हरांवर एकदम ताण पडल्याने अनेकांना पैसे भरून घरी आणलेला खेळ पहिल्या दिवशी सुरूच करता आला नाही. या प्रसंगाची पुढे वारंवार पुनरावृत्ती झाली. ‘डायब्लो ३’ (मे २०१२) एकट्याने खेळावयाचा असला तरी त्यास सतत जोडणी लागे आणि आरंभीचे काही दिवस ‘त्रुटी ३७’ हा संदेश पाहण्यापलीकडे खेळाडूंच्या हाती काही नव्हते. ‘सिमसिटी’ची (मार्च २०१३) तीच गत झाली.

मराठवाड्यातील पूर्वस्थिती : विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सर्वसामान्यांस खुले केले, तरी आरंभी ते महानगरांपुरतेच होते. नांदेड-लातूरकडील सामान्य विद्यार्थ्याला संगणक हाताळावयास मिळाला तो प्रामुख्याने शिक्षणाच्या वाटेने. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावीही संगणकांच्या रांगा उभ्या केल्या. सायबर कॅफेत आठ-दहा संगणक एकमेकांस जोडून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणे हा याच काळातील प्रघात होय. अशा स्थानिक जालाला आंतरजाल लागत नाही आणि विलंब जवळजवळ नसतो. यांतील पुष्कळ प्रती अनधिकृत असत, हेही नमूद केले पाहिजे.

भारत संचार निगमची ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा २००५ मध्ये सुरू झाली. शासनाच्या २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट एवढी गती ‘ब्रॉडबँड’ म्हणविण्यास पुरे होती. ती किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. आज मोठे खेळ १०० गिगाबाइट वा त्याहून अधिक जागा घेतात. असा एक खेळ ५१२ किलोबिट गतीने अखंड उतरविल्यास सु. १८ दिवस, तर १०० मेगाबिट गतीने सव्वादोन तास लागतात. डेटावनच्या काही योजनांत पहाटे २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर मोजला जात नसे. त्यामुळे मध्यरात्रीनंतर गजर लावून उठणे व खेळ उतरविण्यास लावून पुन्हा झोपणे हा त्या पिढीच्या खेळाडूंचा नित्यक्रम होता.

जोडणीपेक्षाही मोठा अडसर विजेचा होता. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात तीव्र भारनियमन होते. महावितरणने वीजगळती व थकबाकी यांच्या प्रमाणानुसार वीजवाहिन्यांचे गट पाडले होते आणि मराठवाड्यातील अनेक वाहिन्या अधिक तासांच्या गटांत मोडत. सामन्यातून मध्येच बाहेर पडणाऱ्यास बहुतेक सेवा दंड करतात : काही काळ नवा सामना मिळत नाही, गुणांकन घटते. पळून गेलेला खेळाडू आणि वीज गेलेला खेळाडू यांतील भेद सर्व्हरला कळत नाही. इन्व्हर्टरवर संगणक चालला तरी गल्लीतील केबलचालकाच्या खोक्याला वीज नसेल, तर जोडणी तुटतेच.

नवी अंगे : सेवांनी दिलेल्या सोयी कमी महत्त्वाच्या नाहीत. खेळातील प्रगती कंपनीच्या संगणकावर जतन करण्याची व्यवस्था स्टीमने २००८ मध्ये आणली. त्यामुळे संगणक बिघडला तरी खेळ जेथे थांबला तेथून पुढे चालू करता येतो. जून २०१५ पासून विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत व २ तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. नोव्हेंबर २०१५ पासून किमती रुपयांत आल्या. २०१९ मध्ये घरच्या संगणकावरील खेळात दूरच्या मित्राला सहभागी करून घेण्याची, तर २०२४ मध्ये कुटुंबीयांनी आपापले खेळसंग्रह एकत्र वापरण्याची सोय झाली. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या एपिक गेम्स स्टोअरने ठराविक मुदतीत काही खेळ फुकट देण्याची प्रथा पाडली. खिशात पैसे नसलेल्या विद्यार्थ्यास अधिकृत प्रत मिळण्याचा हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग ठरला. लातूरच्या वाचकाला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा भारतीय पुराकथांवर आधारलेला खेळ न्यूयॉर्कच्या ग्राहकाबरोबरच मिळू शकतो, हेही या व्यवस्थेचेच फळ. मराठीत मात्र या प्रमुख सेवांचा व्यवहार चालत नाही. करारही इंग्रजीतच वाचावा लागतो, म्हणजे बहुधा वाचला जात नाही.

खेळ दूरच्या सर्व्हरवरच चालवून केवळ चित्र घरी पाठविणे हे आणखी पुढचे पाऊल होय. या मार्गाने गेलेल्या ऑनलाइव्ह (२०१०–१५) व गूगल स्टेडिया (२०१९–२३) या दोन्ही सेवा बंद पडल्या. तथापि कल्पना टिकून आहे.

विलंबाची मीमांसा : खेळाडूची आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळास खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. मराठवाड्यात खेळ अडखळण्याचे कारण मुंबईपासूनचे अंतर होय, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. प्रकाशकीय तंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लाख किमी. जातो. सरळ रेषेत मुंबई नांदेडपासून सु. ४७० किमी. व लातूरपासून सु. ३९० किमी. आहे. तारेचा मार्ग वळसे घेऊन ८०० किमी. धरला, तरी जाण्यायेण्यास ८ मिलिसेकंदच लागतात. पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळा बदलते असे मानल्यास एका चित्राचा काळ सु. १७ मिलिसेकंद भरतो, म्हणजे अंतरामुळे होणारा विलंब त्याच्या निम्म्याएवढा आहे.

खरा विलंब वाटेत साचतो. घरातील वाय-फाय, गल्लीतील वाटप-खोके, स्थानिक पुरवठादाराने अनेक ग्राहकांत वाटून दिलेली गती आणि मोठ्या जालांच्या जोडणीची ठिकाणे या प्रत्येक टप्प्यावर माहितीच्या पॅकेटांची रांग लागते. हैदराबाद नांदेडपासून सरळ रेषेत सु. २३० किमी. म्हणजे मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. पण पुरवठादाराचा माल मुंबईमार्गे जात असेल, तर या जवळिकीचा उपयोग नाही. संध्याकाळी सर्व घरांत चित्रपट व मालिका सुरू झाल्या की रांग वाढते आणि पिंग स्थिर न राहता उड्या मारू लागतो. सतत ६० मिलिसेकंद असलेला विलंब खेळाडू अंगवळणी पाडून घेतो. ३० वरून १५० वर व पुन्हा ३० वर जाणाऱ्या विलंबाची सवय होऊ शकत नाही. ‘व्हॅलोरंट’ (२०२०) या खेळाचे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा स्थितीची नोंद घेतात. एवढ्या सूक्ष्म मापनाचा लाभ अशा अस्थिर जोडणीवर जवळजवळ नष्ट होतो. सर्व्हर भारतात नसून सिंगापूरला असेल तर गोष्ट वेगळी : मुंबई-सिंगापूर अंतर सु. ३,९०० किमी. असल्याने सु. ४० मिलिसेकंदांचा विलंब कोणत्याही उपायाने टळत नाही.

आणखी एक अडचण कमी परिचित आहे. आंतरजालावरील जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडल्याने पुरवठादार एकाच पत्त्यामागे अनेक घरे ठेवतात. पाने पाहण्यास याची अडचण येत नाही. परंतु ज्या खेळांत एका खेळाडूचा संगणक दुसऱ्यास थेट हाक मारतो, त्यांत बाहेरून आलेली हाक नेमक्या घरापर्यंत पोहोचत नाही. मित्राला खेळात बोलाविता येत नाही, तेव्हा दोष सेवेला दिला जातो, आणि सेवा तो पुरवठादारावर ढकलते.

पैसे भरणे : विद्यार्थ्यांजवळ क्रेडिट कार्ड नसणे हा लहान शहरांतील दीर्घकाळचा अडथळा होता. २०१६ पासून यूपीआयने नोटा व कार्ड या दोहोंस पर्याय दिला. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे मासिक वर्गणी आपोआप कापून घेण्यावर निर्बंध आले व अनेक परदेशी सेवांच्या वर्गण्या मध्येच खंडित झाल्या. नियम ग्राहकाच्या हिताचा होता. त्रास मात्र प्रथम ग्राहकालाच झाला.

मालकी व हक्क : सेवेच्या करारात ग्राहक खेळ विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो, असे म्हटलेले असते. याचा अर्थ १ जानेवारी २०२४ रोजी विंडोज ७ व ८ वापरणाऱ्यांस उमगला. त्या दिवसापासून स्टीमने या प्रणालींचा आधार काढून घेतला. जुना संगणक वर्षानुवर्षे वापरणाऱ्या घरांत कालपर्यंत चालणारा व पैसे देऊन घेतलेला खेळ पुढेही चालेल याची हमी त्यामुळे उरली नाही. फसवणूक रोखण्यासाठी काही खेळ संगणक सुरू होताच प्रणालीच्या गाभ्यात आपला पहारेकरी बसवितात. ‘व्हॅलोरंट’ने तर विंडोज ११ वर सुरक्षेचे विशिष्ट यंत्रभागही आवश्यक केले. सायबर कॅफेतील एका ग्राहकाच्या लबाडीमुळे संपूर्ण यंत्रावर बंदी येणे हा त्याचा एक परिणाम.

यूबीसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो खेळता येईना. यातून रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या चळवळीतून यूरोपीय संघाकडे मागणीपत्र गेले व २०२५ मध्ये त्यावरील सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून, केवळ परवाना दिला जात असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे असे बंधन घातले.

भारतात २०२५ चा ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई करतो आणि ई-क्रीडेस मान्यता देतो. विकत घेतलेला खेळ बंद पडल्यास काय, हा त्याचा विषय नाही. त्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ कडे वळावे लागते. त्याखालील २०२० चे ई-व्यापार नियम अंकीय वस्तूंना आणि भारतीय ग्राहकांस पद्धतशीरपणे सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येत असल्याने नांदेड वा लातूर येथील जिल्हा आयोगात दावा दाखल होऊ शकतो व पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास शुल्क नाही. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये दिला आहे. तो निर्णय घरबांधणीच्या वादातील असला, तरी त्यातील तत्त्व सर्व ग्राहकतक्रारींना लागू पडते.