उघड गोष्टही सिद्ध करावी लागते
कडुनिंब पेटंटाच्या अपिलाचा बोध

‘कडुनिंबाचे पेटंट’ हा शब्दप्रयोग आपल्या व्यवसायबंधूंत आजही रूढ आहे; परंतु तो दिशाभूल करणारा आहे. ते पेटंट निंबवृक्षाचे नव्हते. युरोपीय पेटंट कार्यालयाने 1994 मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना ते दिले, ते निंबतेलाच्या पायसाने पिकांवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीसाठी. तेलाचे प्रमाण 0.1 ते 10 टक्के, सोबत पायसकारक द्रव्य व पाणी, असा दावा होता.

पेटंटास पात्र ठरण्यासाठी पद्धत नवीन असावी लागते, तसेच त्या विषयातील जाणत्यास ती सहज सुचण्याजोगी नसावी लागते. निंब कृमिघ्न व कुष्ठघ्न असल्याचे आपण सारेच जाणतो. मग असा दावा टिकलाच कसा, असा प्रश्न आपणांस पडतो. त्याचे उत्तर असे की, हे गुण मनुष्यदेहाच्या संदर्भात सांगितलेले आहेत. पिकावर असे पायस पूर्वी वापरले जात होते, हे केवळ त्यांवरून सिद्ध होत नाही.

1995 मध्ये वंदना शिवा, माग्दा आल्व्हुत व सेंद्रिय शेती चळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी या पेटंटास हरकत घेतली. सुनावणीत पुण्याच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकांची साक्ष मोलाची ठरली. पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर 1985 व 1986 मध्ये, म्हणजे पेटंटाच्या अर्जापूर्वीच, निंबतेलाचे प्रयोग झाल्याचे त्यांनी सांगितले. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झाले. त्याविरुद्धचे अपीलही 8 मार्च 2005 रोजी फेटाळले गेले.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. पेटंट देण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. दिल्यानंतर हितसंबंधी व्यक्तीस, ते प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. परंतु हरकतीस पुरावा लागतो, आणि तो तारखेचा लागतो.

म्हणून निर्माणशाळांनी कल्पाचे घटक, प्रमाण, कृती व विक्रीची तारीख नोंदवहीत जपावी. वैद्यांनी आपले अनुभूत योग प्रसिद्ध करावेत; गुप्त राहिलेला योग सार्वजनिक पूर्वज्ञान ठरत नाही. ‘आमच्या आजोबांपासून चालत आले आहे’ हे वाक्य खरे असेलही. परंतु न्यायासनापुढे त्यासोबत कागद किंवा साक्षीदार उभा करावा लागतो, हे आपण विसरू नये.