संशोधनलेखांतील विशदता : नाशिकच्या एका कोरीव लेखाच्या आधारें

जुना कागद जपून ठेवणें जितकें अवश्य, तितकेंच त्याविषयीं लिहिलेलें टिपण दुसऱ्यास तपासतां येईल असें असणें अवश्य आहे. मूळ साधन नष्ट झालें म्हणजे पुढील अभ्यासकाच्या हातीं तें टिपणच राहतें. आणि तेंच संदिग्ध असेल, तर साधन मिळालें काय आणि न मिळालें काय, सारखेंच. विशद लेखन कशास म्हणावें हें पाहण्यास नाशिकचेंच एक उदाहरण पुरेसें आहे.

नाशिकजवळ त्रिरश्मि डोंगरांत जीं पांडव लेणीं आहेत, त्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात (ऋषभदत्त) याचा दानलेख आहे. एमिल सेनार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत तो संपादिला आहे. दात्यानें लेणें संघास देऊन शिवाय ३००० कार्षापणांची कायम ठेव दिली. ही रक्कम अक्षरांनीं व अंकांनीं अशी दोहोंनीं लिहिली आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० शेंकडा एक व्याजानें आणि दुसरीकडे १००० शेंकडा पाऊण व्याजानें ठेविले. मुद्दल परत करावयाचें नाहीं, व्याजाचा मात्र उपभोग घ्यावयाचा. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. शेवटीं, हें सर्व निगमसभेंत ऐकवून रिवाजाप्रमाणें नोंदविल्याचेंही सांगितलें आहे.

व्याजाचा दर महिन्याचा कीं वर्षाचा, हें लेखांत शब्दांनीं सांगितलेलें नाहीं. पण हिशेब करून पाहावा : वीस भिक्षूंचे बारा प्रमाणें २४० होतात, २००० वर दरमहा २० धरल्यास वर्षाचे २४०च येतात. अर्थात् दर मासिक ठरतो. सर्व रकमा दिलेल्या असल्यामुळें एक शब्द गळला तरी वाचकास तो भरून काढतां आला.

याच लेखांत दुसरा एक शब्द गळला आहे, तो मात्र अशा रीतीनें भरून निघत नाहीं. आरंभीं ‘वर्ष ४२’ असें आहे. तें कोणत्या गणनेचें, हें नाहीं. शालिवाहन शक मानल्यास काल इ. स. १२० च्या सुमारास येतो; नहपानाचें राज्यवर्ष मानणारे तो पहिल्या शतकांत नेतात. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक नाणीं सांपडलीं. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हा आपला ठसा उमटविलेला आहे. त्यावरून पूर्वापर क्रम निश्चित झाला, परंतु वर्षाचा निर्णय त्यानेंही लागत नाहीं. लेख कोरविणारास आपली गणना सर्वांस ठाऊकच आहे असें वाटलें असावें.

आपल्याही लिहिण्यांत हाच दोष राहतो. ‘सन ११६१ चें पत्र’ एवढेंच लिहिलें, तर शुहूर मानल्यास तें इ. स. १७६०-६१ चें, म्हणजे पानिपतच्या वर्षाचें. दक्षिणी फसली मानल्यास १७५१-५२ चें. आणि हिजरी मानल्यास १७४८ चें होतें. पत्र एकच, परंतु प्रसंग तीन.

यास्तव संग्राहकांनीं इतकें तरी पाळावें. मूळांतील मिति जशीच्या तशी देऊन गणनेचें नांव लिहावें व नंतर इसवी सन द्यावा. कागद कोणाच्या दप्तरांतला व सध्यां कोठें आहे तें सांगावें. फाटलेलीं अक्षरें स्वतः भरलीं असल्यास तीं कंसांत दाखवावीं. कागदांत असलेलें आधीं, आपलें अनुमान मागाहून, असे दोन भाग निराळे ठेवावेत आणि हिशेबाच्या सर्व पायऱ्या लिहाव्या. अनुमान चुकलें तरी चालेल. पुढच्यास तें दुरुस्त करतां येईल. पण ज्या लेखावरून चूक कोठें झाली हेंच कळत नाहीं, त्याची दुरुस्ती कोणाच्यानेंही होणार नाहीं.